मोडीतलं पहिलं पान

डभोईच्या पुढे, सांकरव्याला,
मला बोलावलं ते मोडी वाचता येते म्हणून.
देवासाठी नव्हे, हे मी आधीच सांगितलं.
पाळक कांतिलाल हसले, "चालेल, बेन,
अक्षरं तरी तुमचीच आहेत."

चर्चला इथे देवळच म्हणतात.
चार खण, मंगलोरी कौलं, आणि बाहेर कडुनिंबाला
छोट्या गाडीच्या रुळाचा हातभर तुकडा,
तीच घंटा.
आधी ही खुशाल वणकराची मागाची खोली.
खड्डा बुजवला नाही कुणी,
फळ्या टाकल्या, वर व्यासपीठ ठेवलं.
म्हणून उपदेशात पाळकांनी पाय हलवला
की खालून पोकळ आवाज येतो,
धोटा अजून फिरतोय तसा.

वही लाल खारव्यात बांधलेली.
दर नाताळला बाहेर काढतात,
पहिल्या पानाला लावलेला हात डोळ्यांना लावतात.
वाचता कुणालाच येत नाही.
सगळे धरून चाललेत, ती प्रार्थना आहे.

लिहिणारा सटवाजी भिंगारदिवे, नगरकडून आलेला मास्तर.
आधी पानभर रेघ ओढलीय,
मग रेघेला अक्षरं टांगलीत
हात न उचलता.
मी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं.

*संवत छपन्न, फाल्गुन.*
*रुडी, खुशालची बायको, बाजरी सहा शेर.*
*माना पूंजा, चार शेर. मूल आजारी, वर एक.*
*धुळो, दोन शेर. उद्या पुन्हा येईल.*
पुढे धुळोचं नाव नाही.

बाहेर ओट्यावर माणसं वाट बघत बसलेली.
तीन पिढ्या गावानं त्यांना सुनावलंय,
बाजरीवर बाटलेले.
आणि माझ्या मांडीवर ते सगळं
तारीखवार.

पान उलटलं. अठ्ठावन्नची दिवाळी.
*रुडी, सहा शेर परत. घेत नव्हतो. ओतून गेली.*
तिच्या नावापुढे बाप्तिस्म्याची खूण नाही,
कुठल्याच पानावर नाही, मी शेवटपर्यंत शोधलं.
पण त्याच ओळीखाली,
*मागाची खोली प्रार्थनेला देते म्हणाली.*
*नवरा छपन्नात गेला. विणणारं कोणी नाही.*
*खड्डा बुजवू नका म्हणाली.*

आणि समासात, बारीक,
*घंटेसाठी रूळ मिळाला. कसा, ते लिहीत नाही.*

"काय आहे, बेन? कुठली प्रार्थना?"
मी आधी रूळ वाचला.
सगळे हसले, एक म्हातारा जरा जास्तच.
मग पाणी प्यायले
आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं,
शेरांसकट.

माना पूंजापाशी कुणी खाकरलं.
धुळोपाशी कुणीच नाही.
रुडीच्या सहा शेरांवर
तोच म्हातारा, जेठा मकवाण, उठला,
चपला काढून आत गेला,
आणि आम्हाला ऐकू आलं,
तो एकटाच
व्यासपीठ सरकवू बघतोय.