दोन बोटं खाली

वजनाचा काटा खांद्याला अडकवून
मी डंडीतल्या हिलटाउनचा नववा मजला चढते.
लिफ्ट आजही बंद.
जोडी दार उघडते, वय एकोणीस,
हातात अकरा दिवसांचं बाळ,
ओट्यावर सहा बाटल्या, उकळून उपड्या घातलेल्या.

"दोन दिवस पाजलं मी," ती सांगते,
चोरी कबूल करावी तशी.
"मग आजी म्हणाली, पोर उपाशी राहतंय.
आणि कॅलमचे मित्र आले होते मॅच बघायला.
खोली एकच आहे ना."

चहा गाळता गाळता तिची आजी, नेट्टा:
"आमच्यात कुणी अंगावर पाजलेलं नाही."
आमच्यात.
आमच्यात सगळ्यांचे केस तांबडे, म्हणावं तसं.

मी फॉर्म काढते. हो, नाही, थोडं थोडं.
वर पोस्टकोड.
ऑफिसातल्या नकाशावर समुद्राकाठची ब्रॉटी फेरी
गर्द हिरवी आहे.
हा चढ पांढरट, रंग संपल्यासारखा.

काल तिथेच होते, मोर्वेनकडे.
तिलाही भेगा पडलेल्या, तीही रडलीच.
पण रडायला तिला वर्षाची रजा होती,
शेजारच्या खोलीत आई होती, तिघांना पाजलेली,
आणि तासाला साठ पाउंड घेणारी एक बाई
बाळाची हनुवटी दोन बोटं खाली सरकवून गेली.
दोन बोटं. अडलं होतं ते तेवढ्यावर.

जोडीलाही दाखवते मी.
माझ्याकडे वीस मिनिटं आहेत
आणि पुढे चार घरं.

नेट्टा कप खाली ठेवते.
"माझी आई तागाच्या गिरणीत होती,"
कुणाकडेच न बघता.
"सहाला भोंगा. नवाला पान्हा.
साच्यापुढे उभी, छातीवर एप्रन ओला,
त्यावर तागाची धूळ बसून चिखल.
मुकादम हसायचा म्हणे.
धाकट्याला घरी बाप पाजायचा बाटलीनं,
त्याला काम नव्हतं.
छान पाजायचा हो."

गिरणीचे आता फ्लॅट झालेत, उंच खिडक्यांचे.
भोंगा कुणी कधी उतरवला, माहीत नाही.
जोडीच्या टी-शर्टवर दोन ओले डाग उमटतात
आणि ती पटकन जाकीट ओढून घेते.

याला फॉर्मवर रकाना नाही.

"नाही"वर टेकवलेलं पेन मी उचलते.
नेट्टा जवळ येते, चष्मा कपाळावर.
"कुठे? इथे?"
बाळ तोंड फिरवतं.
पुन्हा, मी म्हणते.
खाली माझ्या गाडीमागे
कुणीतरी हॉर्न दाबून धरलाय.