तांबडे

मडगावच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात
तिसऱ्या फळीवर तो आहे. प्लास्टरचा.
डोकं घोड्याच्या नालासारखं,
शेपटी मागच्या ऑडिटला तुटली.
दर शुक्रवारी मी त्याची धूळ पुसतो.

डोळे दोन, टाळूवर, एकमेकांना खेटून,
जणू जे यायचं ते वरूनच येणार.
त्यांच्या मधे बारीक भोक:
उजेड आहे का, एवढंच कळायला.
नाकपुडी एकच.
तोंड खाली, चिखलाकडे,
नुसती फट.
जबडा नाही. चावणं त्याच्या कुळात
कुणाला सुचलंच नाही.

टेलीस बाई वर्गात सांगतात,
दगडातलं ते डोकं घासून घासून
त्याचे पातळ काप काढले, तेव्हा
हाडात शिरांचे बोगदे तसेच सापडले.
मेंदू गेला, त्याची खोली राहिली.
मी दारात फिनेलची बादली घेऊन उभा होतो.

बेतूलला माझी गोकुळामावशी.
चाळीस वर्षं बांगड्याचे कल्ले उचलून दाखवायची,
'बघ, तांबडे आहेत का नाही!'
भाव पाडणाऱ्याला ती जे बोलायची
ते साळ नदीच्या पलीकडे ऐकू जायचं.
ट्रॉलर बंद असतात त्या दिवसांत,
तेव्हा वेळ होता म्हणून,
बांबोळीत तिचा अर्धा जबडा काढला.

आता ती पेज पिते. मान तिरकी करून,
वाटीच्या कडेवरून, हळूहळू गाळत.
खाडीत इंजिन सुरू झालं
की गालाच्या खळग्यावर तळवा ठेवते.
कवचाच्या दोन्ही कडांना त्या माशाचेही
असेच पट्टे होते, जाड शिरांनी कानाला जोडलेले.
कशासाठी, नक्की कुणालाच माहीत नाही.
पाण्याचं थरथरणं कळायला, असेल.

मी तिला सगळं सांगितलं.
की पुढे कधीतरी, कुणाच्या तरी
कल्ल्याची पुढची कमान वाकली
आणि तिचाच जबडा झाला, असं म्हणतात.
की हा मात्र तसाच राहिला,
कल्ल्यांची रांग पोटाशी धरून, आणि संपला.
तिने पाटी ओढली. लिहिलं:
'तांबडे आशिल्ले?'

प्लास्टरला करडा रंग आहे.
सोमवारी प्रॅक्टिकलला बाईंनी मासा उलटा केला,
थांबल्या,
हे लाल खडूने कुणी रंगवलं, म्हणाल्या.
पोरांनी असेल, मी म्हटलं.
फडकं खिशात होतं.
पुसलं नाही.