कंपाउंडरचं लॅटिन

मांगलीच्या सरकारी दवाखान्यात
चौतीस वर्षं पुड्या बांधल्या लहानुजी खोब्रागड्यांनी.
रिटायर झाल्यावर पंचायतीच्या अभ्यासिकेत
पंख्याखालची खुर्ची सोडून दाराजवळच्या बाकावर बसायचे.
तिथून पळणारी पोरं दिसतात म्हणे.

आम्ही सात जण. तलाठी, पोलीस भरती, नर्सिंग,
दोघांचं तर काहीच ठरलेलं नाही.
इंग्रजीच्या मार्कांत सगळ्यांचा पाय रुतलेला.
मी शब्दांची वही घेऊन एपासून सुरू करायची,
सीपर्यंत पोचेतो ए गेलेला.

"काहून घोकतं वं?
शब्द घोकाचा नसते. उपटून पाहाचा असते."

मग खिशातून डॉक्टरची एक जुनी चिठ्ठी.
बी.डी. दिवसातून दोनदा.
"यातला बी म्हंजे बिस. बिस म्हंजे दोनदा.
आता बिस्किट घे. दोनदा भाजलेलं.
तू चहात बुडवतं त्याचा हिशेब लॅटिनमधी नाही."
कमलेश उईकेनं बाहेरच्या सायकलीकडं बोट केलं,
"बाय. दोन चाकं."
"हो रे बावा. अन् आपला द्वि त्याचा चुलतभाऊ."

चिठ्ठीच्या डोक्यावरचा आर, शेपटीला काट मारलेला,
मला लहानपणापासून डॉक्टरची सही वाटायची.
"रेसिपी," ते म्हणाले. "म्हंजे घे."
आणि टीव्हीवरची पनीरची रेसिपी?
"तेबी घेच."

असं करत करत गावच उलगडायला लागलं.
शाळेत येणारा इन्स्पेक्टर नुसता आत डोकावणारा.
पेशंट म्हणजे सोसणारा.
इथं ते थांबले, चष्मा पुसला, पुढं गेलेच नाहीत,
आम्हीही त्या दिवशी वह्या मिटल्या.
दुसऱ्या दिवशी स्वतःवरच सुरू:
कंपाउंडर, एकत्र ठेवणारा.
कंपोस्टही तेच.
"मी अन् शेणखत, एकाच खड्ड्यातले."

मग आम्हाला चळच लागला.
मानुस म्हणजे हात, हे कळल्यावर मी ओरडलेच,
सर, आपला माणूस!
त्यांनी मान हलवली.
"सारखं दिसते थे सारं सख्खं नसते.
कंपाउंडची भिंत अन् मी कंपाउंडर,
आमचं काही नातं नाही.
थे भिंत कुठूनशी मलायातून आली म्हंतेत."
मला त्या माणसासाठी उगीच वाईट वाटलं.

थंडीत माय नाल्याकाठच्या वाफ्यातून मुळे काढायची.
बुधवारी बाजार, मंगळवारी संध्याकाळी मी मदतीला.
मान धरायची, जराशी फिरवायची, ओढायचं.
घाईनं ओढलं की पाला हातात, मुळा जमिनीत.
एक जुडी लहानुजींकडं नेली.
त्यांनी एक मुळा उजेडात धरला, चिठ्ठीसारखा.
"रॅडिक्स. म्हंजे मूळ. त्याचाच रॅडिश झाला.
अन् आपण काय म्हंतो?"
मुळा.
"नातं?"
नाही, मी म्हटलं, आता शहाणी होऊन.
"नाहीच. पन दोघायलेबी तेच सुचलं, पाय."

नागपूरच्या सेंटरवर, एसीत, बोटं गार पडलेली,
पडद्यावर शब्द आला: इरॅडिकेट.
चार पर्याय. घड्याळ उलटं चाललेलं.
मी मान धरली, जराशी फिरवली,
ओल्या मातीचा तो बारीक आवाज आला,
आणि मुळासकट उपटणे वर टिक केलं.
त्याच्या पुढचे तीन चुकले. ते लॅटिन नव्हते बहुतेक,
किंवा असतील, मला पाला तेवढा दिसला.

घरी येऊन मायला सगळं सांगितलं.
ती टोपल्यात जुड्या लावत होती, मूळ आत, पाला बाहेर.
ऐकून घेतलं, मग म्हणाली,
"नाव तं बरोबर ठेवलं त्याह्यनं.
पन पाल्याची भाजी करत होते का थे, का फेकून देत?"

मी लहानुजींना जाऊन विचारलं.
ते बराच वेळ बाकावर बसून राहिले.
समोरून दोन पोरं पळाली, त्यांना हटकलंही नाही.