एकोणतिसावा दिवस

कॅनरीचं पिल्लू अठराव्या दिवशी घरट्यातून पडतं.
उडालं म्हणायचं, पण पडतंच.
चोविसाव्या दिवशी ते दाण्याकडे बघतं,
मी सरकारी फॉर्मकडे बघतो तसं.
एकोणतिसाव्या दिवशी मी वहीत तारीख घालतो
आणि मधली जाळी सरकवतो.

क्लातेनमध्ये सगळ्यांनाच घाई.
शेजारचा सुगिर म्हणतो, पंचविसाव्यालाच काढ,
पोनच्या बाजारात भाव आहे.
त्याची पिल्लं गाणं दाखवायच्या आधी
छातीचं हाड दाखवतात.
मी काही बोलत नाही. त्याच्या कॉफीत
आणखी एक चमचा साखर घालतो.

मादीला तर तेवढाही धीर नसतो.
पोटात पुढची अंडी, नव्या घरट्याला मऊ काहीतरी हवं,
म्हणून ती पिल्लांच्याच पाठीची पिसं उपटते.
यात दुष्टपणा नाही
हे कळायला मला सात वर्षं लागली,
आणि तोवर रागानं दोन चांगल्या माद्या विकून झाल्या.

नराचं वेगळं.
तो जाळीला चिकटून उभा राहतो.
इकडून उघड्या चोची, तिकडून तो,
तारेच्या चौकोनातून
उकडलेलं अंडं भरवत.
चार-पाच दिवस. मग विसरतो,
किंवा दमतो. पक्ष्यांत हे दोन वेगळे नसावेत.

पुर्वांती तैवानला गेली तेव्हा
गिलांग चौदा महिन्यांचा होता.
तारीख एजन्सीनं ठरवली. त्याचे दात कुणी मोजले नाहीत.
मुर्जिनीनं ब्रोतोवालीची कडू वेल ठेचली,
तिचा रस पोरीनं आपल्याच हातानं छातीला लावला.
पोरानं तोंड लावलं, तोंड वाकडं केलं,
आईकडे बघितलं,
आणि पुन्हा तोंड लावलं.
तीन रात्री तो कडूच पीत राहिला.
चौथ्या दिवशी पहाटे बस होती.

मी तेव्हा मागे पिंजरे धूत होतो.
आदल्या दिवशीच धुतलेले पिंजरे.

ताइचुंगमध्ये ती एका म्हाताऱ्याला चमच्यानं भरवते.
तो गिळायचं विसरलाय.
गळ्यावरून दोन बोटं हलकेच खाली न्यावी लागतात.
हे ती मला सांगते, आईला नाही.
बोटं कशी न्यायची ते तिनं इथंच पाहिलेलं,
या शेडमध्ये, पाचवीत असताना,
गणिताची वही मांडीवर घेऊन.

रविवारी फोन येतो.
गिलांग आता अडीच वर्षांचा. भात स्वतः खातो,
निम्मा कोंबड्यांना.
आईचा चेहरा दिसला की ताटातलं केळं उचलतो
आणि काचेवर दाबतो, नेमकं तिच्या ओठांवर.
ती तिकडे तोंड उघडते. चावते.
गिळल्यासारखं करते.
फोन चिकट होतो.
मुर्जिनी तो लगेच पुसत नाही.

आज एकोणतिसावा. चार पिल्लं.
तिघं वाटीत चढून बसलीत,
बियांची टरफलं शेडभर.
चौथं, डोक्यावर काळा ठिपका असलेलं,
सकाळपासून जाळीपाशी पंख थरथरवतंय.
दिवा मालवण्याआधी मी त्याला मुठीत घेतो,
फुंकर मारून गळ्यावरची पिसं बाजूला करतो.
कातडीखाली पिशवी दिसते:
तळाशी थोडं पिवळं. बाकी रिकामं.

गिलांग माझ्या गुडघ्याला धरून विचारतो,
जेवलं का ते?
जेवलं, मी सांगतो.

तो झोपायला गेल्यावर
वहीतला एकोणतीस खोडतो, एकतीस लिहितो,
त्याखाली पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह,
आणि त्या एकट्याला
जाळी उचलून पलीकडे सोडतो.