जन्मापासून

डुलुथच्या सरोवरावर अजून बर्फ आहे.
लोर्ना हाताया, कोडिंग विभाग, तिसरा मजला,
सकाळपासून तान्ह्यांच्या अंगावरचं लाल लिहितेय:
लंगोटाचं पुरळ, एल बावीस.
टाळूवरची खपली, एल एकवीस पॉइंट शून्य.
घामोळं. या थंडीत?
हो, चार दुपट्यांत गुंडाळलेलं.

मग उबाहचं सहा आठवड्यांचं बाळ.
‘पाठीखाली निळसर डाग.’ एवढंच.

एस लावला तर तो मार ठरतो
आणि कुणीतरी उबाहच्या दारावर थाप देतं.
क्यू लावला तर जन्मखूण.

लोर्ना अंदाजाने लिहीत नाही.
कागद परत धाडते:
डॉक्टर, केवढा? कधीपासून? दाबल्यावर रडतं का?

साडेचारला उत्तर येतं.
चार सेंटिमीटर. जन्मापासून. हसतं.

लोर्ना क्यू टंकते,
मग दुपारचा डबा उघडते.