रिमची जाडी

पहाटे साडेपाचला रामबागेतला रस्ता धुऊन झालेला असतो.
टँकर पुढे गेलेला,
डांबर अजून ओलं, दिव्यांखाली पिवळं.
मी सायकल काढते.
मल्हारगंजात ठिपसे आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग,
मग दोन घरी इन्सुलिन.
उशीर झाला तर ठिपशांची सून दारात उभी असते
आणि काही बोलत नाही.

ओल्या रिमवर ब्रेक लगेच लागत नाही.
पहिल्या फेऱ्यात रबर नुसतं पाणी पुसतं,
दुसऱ्यात कुरकुरतं,
तिसऱ्यात धरतं.
म्हणून थांबायचं मी आधीच ठरवते,
दूधवाला वळणावर दिसायच्या आत,
त्याच्या किटल्या वाजल्या की.
चौतीस वर्षं झाली. आता हे बोटं परस्पर करतात.

सौमित्रने नवी घेतली, डिस्कवाली.
चाकाच्या मधोमध चकती,
भोकाभोकांची, चकलीच्या सोऱ्यात घालावी अशी.
दसरा मैदानावर त्याने मला चालवायला दिली.
एक बोट लावलं आणि गाडी उभी,
मीच तेवढी थोडी पुढे गेले.
"मावशी, याला म्हणतात थांबणं!"
खोटं नाही.
बिजासनच्या उतारावर, भर पावसात,
मलाही तीच हवीशी वाटेल.
वाद घातला नाही.
घरी येऊन माझी पुसत बसले.

फडक्यावर येतो तो राखाडी लगदा,
नखांत जातो, पदराला लागतो, साबणाने निघत नाही.
मी त्याला रस्त्याची घाण समजत आले.
पण आमचे रस्ते तर धुतलेले!
बियाबानीतल्या मुबीन मिस्त्रीने फडकं हातात घेतलं,
वास घेतल्यासारखं केलं.
"सिस्टर, ये आपकी रिम है।"

त्या गाडीत पळणारं एक, झिजणारं दुसरं.
चकती गेली, चकती बदला.
माझ्या गाडीला
ज्यावर धावायचं त्यालाच चिमटीत धरून थांबावं लागतं.
एवढे सिग्नल, एवढ्या मांजरी, एवढे दरवाजे,
प्रत्येकाने चिमूटभर नेलं.

मुबीनने माझा अंगठा धरून रिमच्या कडेवर ठेवला.
मी शीर शोधते तसे डोळे मिटले.
मधोमध खळगा होता,
जुन्या पाट्यासारखा.
पलीकडे टायरची सगळी हवा
एवढ्याशा पत्र्याला टेकून बसलेली.
"फटेगी। आज नहीं, मगर फटेगी।"
डॉक्टरही असंच सांगतात, नातेवाईक बाहेर गेल्यावर.

सत्तावीस इंची, छत्तीस भोकांची,
आता कुणी ठेवत नाही.
तीन दुकानांत विचारलं. एकाने दया दाखवली,
एकाने हप्त्यांचं पत्रक दिलं.
तिसरा पोरगा म्हणाला, भिया, हे काय असतं?
मला भिया म्हणाला.

शेवटी मुबीननेच आढ्याच्या खिळ्यावरून एक उतरवली.
बँकेतल्या पाध्यांची.
मुलगा पुण्याहून आला, घर विकलं,
सायकल किलोवर गेली, तेवढं पुढचं चाक याने ठेवून घेतलं.
मागचं?
मागचं वाकडं होतं.
दुपारभर बसून त्याने आऊट काढला,
आरा पिळायचा, फिरवायचं, कान लावायचा,
पुन्हा अर्धा पीळ उलटा.
पैसे सांगितले ते फारच कमी होते. मी जास्त दिले नाहीत,
त्याला राग येतो.

तर आता पुढची रिम पाध्यांची, मागची माझी.
मागचा ब्रेक मी जपून लावते,
डाव्या हाताला रोज नव्याने समजावते.
पाध्यांच्या रिमला व्हॉल्व्हपाशी एक पोचा आहे,
तो काही निघाला नाही.
ब्रेक दाबला की प्रत्येक फेऱ्याला टक् होतं.
कुठल्या खड्ड्यात गेले होते, कोण जाणे,
मागे कुणी बसलेलं होतं का.

काल ठिपशांची सून पहिल्यांदाच बोलली.
"कोपऱ्यावरच कळतं तुम्ही आलात ते.
टक् टक् ऐकलं की चहा टाकते."