चौदाच्या पुढे

यकृत म्हणजे काय, त्यांनी विचारलं,
संमतीपत्रावर सही करता करता.
मी म्हटलं, काळीज.
त्यांनी हात छातीवर डावीकडे ठेवला.
तो उचलून मी उजवीकडे नेला, बरगडीच्या खाली.
"म्हंजे इतकी वर्षं भलतीकडेच," म्हणाले,
आणि हसले.

सुपडू धोंडू महाजन, राहणार अडावद.
अभ्यासात नाव नसतं. तिथं ते शून्य अठ्ठ्याऐंशी.
तीस वर्षं केळीच्या काट्यावर.
घड नुसता पाहून वजन सांगायचे,
काटा मागून हो म्हणायचा.

दारूचा थेंब नाही.
हे त्यांनी सांगितलं, मग कोकिळाबाईंनी,
मग कुणी न विचारता रिक्षावाल्यानं.
आमच्या फॉर्मवर त्यासाठी चौकोन आहे: कधीही नाही.
गावात तसा चौकोन नव्हता.
गावानं डोळ्यांतला पिवळा रंग पाहिला, आणि ठरवलं.

विषाणू होता. बी.
कुठून आला?
त्यांना आठवली एक जत्रा,
ओळीनं बसलेली अकरा पोरं आणि गोंदणारणीची एकच सुई.
मनगटावरचा 'सु' अजून हिरवा.
'संभाव्य कारण' या रकान्यात
मी लिहिलं: अज्ञात.

मग आकड्यांची चाचणी.
कागदभर विखुरलेले पंचवीस गोल,
एकापासून रेघ ओढत निघायचं.
विष रक्तातून मेंदूत चढू लागलं
की बोलण्याआधी ही रेघ अडखळते.
पहिल्या भेटीत एकतीस सेकंद.
"हे तं पोरंसोरंनं काम."
सहा महिन्यांनी अठ्ठावन्न.

मग मे महिना. चोपड्याच्या रस्त्यावर डांबर चपलेला धरत होतं.
आदल्या दिवशी पोटातून पाच लिटर पाणी काढलेलं.
हात पुढे करा म्हटलं, एसटी थांबवतात तसे.
पंजे गळून पडायचे,
पुन्हा उठायचे.

कागद दिला.
तेरा.
चौदा.
पेन तिथंच टेकून राहिलं.
"पंधरा कोठे शे, वं माय?"

पंधरा त्यांच्याच अंगठ्याखाली होता.
मला सांगायची परवानगी नव्हती.
एकशे वीस सेकंदांनी मी घड्याळ बंद केलं.

दहाव्याच्या दिवशी कोकिळाबाईंनी एकच मागितलं:
शिक्का मारून लिहून दे, हा माणूस पीत नव्हता.
म्हटलं, अभ्यासातून असे दाखले देता येत नाहीत.
त्यांनी लुगड्याला हात पुसले.
"मंग हाऊ अभ्यास कसाले?"

मी घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं.
सून निगेटिव्ह. तिला लस सुरू केली,
आणि पोटातल्या बाळासाठी पहिल्या चोवीस तासांतली एक
आजच कार्डावर लिहून ठेवली, बाळाच्या नावाची जागा मोकळी सोडून.
मधला मुलगा, किशोर, पॉझिटिव्ह.
मशीन त्याच्या बरगडीला टेकवलं:
पाच पूर्णांक दोन. अजून मऊ.
रोज एक गोळी, न चुकता, कदाचित आयुष्यभर.
तो एकशे तीस.

त्यालाही तोच कागद.
चौदावरून पंधरावर तो थांबलासुद्धा नाही.
सव्वीस सेकंद.
पेनचं टोपण लावत त्यानं विचारलं,
"बाबांना किती लागले होते?"

मला सांगायची परवानगी नव्हती.

एकतीस, मी म्हटलं.